आरोग्य एकट्याचे नव्हे

भाविकहो, आहार व दिनचर्या सांभाळणारा निरोगी राहतो, असे आपण मानतो. मग प्रकृती, वय, आहार व बल भिन्न असूनही एखाद्या प्रदेशातील लोक एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासले जातात? चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेशाने आत्रेय मुनींना हाच प्रश्न विचारला आहे. वायू, जल, देश व काल हे सर्वांना समान असतात. ते बिघडले की जनपद रोगग्रस्त होते, असे मुनी सांगतात. त्या बिघाडाचे मूळ अधर्मात, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे विवेक ढळून घडलेल्या वर्तनात आहे.

बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या अवर्षणग्रस्त भूमीत लोकांसाठी तलाव निर्मिला. अशा जलात आपण श्रद्धेने निर्माल्य सोडतो. फुले कुजतात, पाण्यातील प्राणवायू घटतो, जलचर गुदमरतात. अर्पण करणाऱ्याचा भाव शुद्ध असला तरी पाणी शुद्ध राहत नाही. आणि त्याचे फळ बहुधा दुसऱ्यालाच भोगावे लागते. म्हणून जल निर्मळ राखणे ही केवळ स्वच्छता नसून धर्माचरणच होय. निर्माल्य कलशातच ठेवावे, ही नम्र विनंती.