आधी टाळ, मग सरगम

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात मुलीला गाणं शिकवायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो तो क्लासचा. कुठे आहे, फी किती, परीक्षेला बसवतात का? दहावीला शास्त्रीय गायन-वादनाचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून शेवटचा प्रश्नच आधी विचारला जातो. गावात मनासारखा क्लास सापडला नाही तर वाशिम, कारंजा, अकोला अशी नावं निघतात, एस.टी.च्या वेळा बघितल्या जातात आणि बरेचदा विषय तिथेच मिटतो. आपल्याकडे संगीताचं वातावरणच नाही, असं म्हणून सगळे मोकळे होतात.

हे मला मान्य नाही. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे या गावाला कव्वालीची ओळख आहे. भीमजयंतीच्या दिवसांत पेटी-ढोलकी घेतलेल्या गायन पार्ट्या या भागात रात्र रात्र गातात. शेजारच्या मानोरा तालुक्यात बंजाऱ्यांची पोहरादेवी आहे. बंजारा तांड्यांवर नंगारा वाजतो, होळीला लेंगी रंगते. मारुतीच्या देवळात भजन असतं, गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी असते. या प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी काल येत नसलेलं आज शिकतं आहे. त्याला आपण शिकणं म्हणत नाही, कारण तिथे पावती फाडली जात नाही.

भजनी मंडळात शिकणं नेमकं कधी सुरू झालं हे कुणालाच सांगता येत नाही. पोरगं आज्याबरोबर देवळात येतं, सतरंजीच्या कडेला बसतं. कुणीतरी म्हणतं, ‘बस अठी, टाळ धर अन् आयक.’ सुरुवातीला टाळ भलत्याच जागी पडतो. शेजारचा नुसता डोळ्यांनी दटावतो. समेवर सगळ्यांचे टाळ एकदम पडतात आणि आपला मागे राहिलेला त्याचा त्यालाच ऐकू येतो. एवढ्यासाठी गुरुजी लागत नाहीत. मग धृपद धरणं येतं : बुवांनी चरण म्हटला की मागून सगळ्यांबरोबर उचलायचं. पेटीवाला चहाला उठला की त्याच्या पेटीवर बोटं फिरवून बघायची. पखवाजाला हात लावायची परवानगी मात्र सहजी मिळत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे डोळे लागून राहतात. यातली मोठी गोष्ट अशी, की पहिल्याच संध्याकाळी ते पोरगं एका अख्ख्या गाण्याच्या आत बसलेलं असतं. त्याचं काम लहान असतं, पण ते खऱ्या गाण्यातलं असतं.

क्लासमधली मुलगी सा रे ग म, पलटे, सरगमगीत, लक्षणगीत या क्रमाने छोट्या ख्यालाकडे जाते. एकटी, शिक्षकासमोर. ताल हाताने द्यायचा. तबलजी परीक्षा जवळ आली की भेटणार. पहिली दोन-तीन वर्षं तिची नुसती तयारी चाललेली असते. गाणं पुढे कधीतरी येणार असतं, आणि बहुतेकींच्या बाबतीत त्याआधी बारावी येते. मग पेटी कपाटावर जाते. तिला आवड नव्हती, असं आपण म्हणतो. आवड निर्माण व्हावी असं काही तिच्या वाट्याला आलं होतं का, हे कुणी बघत नाही.

अर्थात विष्णु दिगंबर पलुस्करांवर अन्याय करून चालणार नाही. कुरुंदवाडचा हा माणूस मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला, त्या काळात विद्या उस्तादाच्या मर्जीवर आणि दरबाराच्या आश्रयावर अवलंबून होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेली फी, ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं. यामुळे गाणं मध्यमवर्गीय घरांत शिरलं आणि मुलींना गाणं शिकवणं घरच्यांना प्रतिष्ठेचं वाटू लागलं. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं; प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची शिडी आज खेड्यापाड्यांत पोचली आहे ती त्याच मंडळामुळे. पण हेच पलुस्कर हजारोंच्या सभेत रामधून म्हणत, लोकांना आपल्यामागे गायला लावत. त्यांच्या वारशातली परीक्षा आपण उचलली, समुदाय तिथेच ठेवला.

विदर्भात तो समुदाय उभा केला तुकडोजी महाराजांनी. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या, शाळेत फारसं न शिकलेल्या या माणसाने हातात खंजिरी घेतली, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज वसवलं, आणि १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगात टाकावं असं इंग्रज सरकारला वाटलं इतका त्यांच्या भजनांचा जोर होता. भक्तीच्या भरात एक व्यवहाराची बाजू आपण विसरतो. खंजिरी स्वस्त, एका हातात मावणारी, आणि वाजवतानाच गाता येईल अशी. ती शेतमजुराच्या घरात येऊ शकली. तानपुरा तिथे आला नसता. वाद्याची निवड ही सुद्धा एक शिक्षणपद्धती असते.

मात्र भजनी मंडळाची बाजू घेताना त्याचे दोष झाकण्यात अर्थ नाही. पहिला दोष पट्टीचा. बुवांचा आवाज चढा, म्हणून काळी चार-पाचात पेटी लागते आणि सगळ्यांनी त्यातच ओरडायचं. आवाज फुटण्याच्या वयातली पोरं घसा ताणतात, आणि ‘तुझा सा हा नव्हे’ असं सांगणारं तिथे कुणी नसतं. दुसरा दोष असा, की टाळ चुकला तर कळतं, पण सूर चुकला तर घोळक्यात लपून जातो. वीस वर्षं बेसूर धृपद धरणारी माणसं मी पाहिली आहेत, सुखात असतात. तिसरा दोष सिनेमाच्या चालींचा. अभंग त्या चालीवर बसवला की लोक डोलतात, आणि जुनी चाल एका पिढीत जाते. शिवाय कोणत्या देवळाच्या सतरंजीवर कुणी बसावं, याचे अलिखित नियम आजही सगळीकडे सुटलेले नाहीत. क्लासची फी भरली की निदान जात विचारत नाहीत, हे पलुस्करांच्या बाजूने म्हणावंच लागेल.

मंडळातून वसंतराव देशपांडे घडतील का, असा प्रश्न कुणी टाकेल. कारंज्याच्या पुढे मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेल्या वसंतरावांना नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजी भेटले, पुढे लाहोरला असद अली खाँ भेटले. नुसत्या संगतीने ते झालं नाही. पण लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी करत ज्याने जिथून मिळेल तिथून गाणं टिपलं, तो माणूस अभ्यासक्रमाने बांधलेलाही नव्हता. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’त त्यांनी जे खाँसाहेब उभे केले, त्यांच्या घरात सदाशिव नोकर म्हणून राहतो आणि ऐकून ऐकून विद्या मिळवतो. नाटककार दारव्हेकरांनी नाट्यासाठी योजलेली ही युक्ती शिकण्याबद्दल बरंच सांगून जाते : कान आधी घरात शिरतो, दीक्षा मागून येते.

क्लास आणि मंडळ दोन्ही एकत्र नांदू शकतात याचं उदाहरण आळंदीत आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षांचं शिक्षण आहे, पाठांतर आहे, शिस्त आहे; आणि रोजचं भजनही आहे. आपल्याकडची पोरं तिथून मृदंग शिकून येतात तेव्हा त्यांच्या हातात बोल असतात, आणि गाणाऱ्याच्या मागे राहण्याची सवयही असते. ही दुसरी गोष्ट मोबाइलवर शिकता येत नाही. पेटीचे स्वर पडद्यावर लिहून दाखवणारे व्हिडिओ उपयोगी आहेत, तानपुऱ्याचं ॲप तर फारच. पण मोबाइल आपल्यासाठी थांबतो, हवा तेव्हा मागे जातो. पखवाजवाला थांबत नाही.

यात सगळ्यात उपेक्षित आहेत त्या महिला मंडळातल्या बाया. मुलांची लग्नं उरकली, सुना आल्या, आणि पंचेचाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा पेटीवर बोट ठेवलं. पुरुषांच्या मंडळाची पट्टी त्यांच्या कामाची नाही, आणि क्लासवाल्यांच्या वेळापत्रकात फक्त शाळकरी मुलं. त्यांना विशारद व्हायचं नाही. हरिपाठ सुरात व्हावा, एकादशीला पेटीसाठी शेजारच्या गावातून माणूस आणावा लागू नये, एवढंच त्यांचं मागणं. ते पुरवणारी सोय तालुक्यात नसावी, हे मला दहावीच्या गुणांपेक्षा गंभीर वाटतं.

म्हणून माझं म्हणणं आहे, की मुलाने क्लासकडे जाण्याऐवजी शिक्षकाने मंडळाकडे जावं. आठवड्यातून एक संध्याकाळ. भजन नेहमीसारखं चालू द्यावं, आणि आधी तासभर पोरांना, बायांना त्यांची त्यांची पट्टी शोधून द्यावी, पेटीवर बोटं नीट बसवावीत, दोन जुन्या चाली घोटून घ्याव्यात. ज्याला पुढे भूप-यमन शिकावासा वाटेल तो आपणहून परीक्षेच्या वाटेला लागेल. जाणकार शिक्षकांची यावर एक ठरलेली तक्रार असते : मंडळातल्या सवयी एकदा अंगवळणी पडल्या की मोडायला फार जड जातात. खरं आहे. म्हणूनच त्या पडायच्या आत यावं.

राहिला पैशाचा प्रश्न. हरिनाम सप्ताहाला मांडव, भोंगे, काल्याची पंगत आणि बाहेरगावच्या कीर्तनकाराची बिदागी यांची वर्गणी गावोगाव बिनबोभाट जमते. गावातल्या पोरांचा सूर लावून देणाऱ्या माणसाचं मानधन त्या यादीत आजवर का आलं नाही, हे मंडळांनी एकदा बसून आपसात बोलावं.