सवडीचे दान

नाताळचा सण २५ डिसेंबरला येतो, ही गोष्ट कोणालाच अनपेक्षित नसते. तिथीचा क्षय, वृद्धी किंवा अधिक महिना यांचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तरीही ज्या घरांत हा सण साजरा होतो, त्यांपैकी अनेकांत डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडताच जणू काही अकस्मात संकट कोसळावे अशी धांदल उडते. भेटवस्तू स्वहस्ते करण्याची चाल जेथे आहे, तेथे तर ती अधिकच. अर्धवट विणलेले मोजे, न रंगविलेली भेटकार्डे, डिंक न वाळलेले कागदी तारे आणि त्यांच्या मधोमध जागरणाने त्रासलेली गृहिणी! यावर अनुभवी माणसे एक साधा उपाय सांगतात : ऑगस्ट-सप्टेंबरातच हाताला काम लावावे, म्हणजे सणाचे दिवस सुखाने जातील.

हा उपदेश वरवर पाहता केवळ व्यवहाराचा आहे. परंतु थोडा विचार करता त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. लवकर आरंभ केल्याने जो ताण हलका होतो, तो नेमका कोणाचा? आणि ज्याने ताण वाचविला, त्याने केवळ स्वतःची सोय पाहिली, की आणखी काही केले?

या उपदेशावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, प्रेमाला वेळापत्रक कसले? जे सहज स्फुरते ते खरे. चार महिने आधी आखून केलेली भेट म्हणजे जमाखर्चाची वही. या आक्षेपात अर्धेच सत्य आहे. ऊर्मी क्षणात येते, पण मोजा क्षणात विणून होत नाही. ज्याच्यासाठी तो विणावयाचा, त्याच्या पावलाचे माप लक्षात ठेवून रोज चार ओळी विणणे, यात त्या माणसाचे स्मरण रोज एकदा घडते. एका रात्रीत उरकलेल्या कामात स्मरण असते ते घड्याळाचे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लवकर आरंभ केला की काम संपत नाही, वाढते. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात हेच तत्त्व मांडले, तेव्हा त्यांचा रोख सरकारी खात्यांवर होता. पण त्यांनी उदाहरण दिले ते भाचीला एक पत्र पाठविण्यात सबंध दिवस घालविणाऱ्या रिकामटेकड्या वृद्धेचे. जेवढा वेळ हाती, तेवढे काम फुगते. सप्टेंबरात सहा भेटी योजणारी गृहिणी ऑक्टोबरात दहा आणि नोव्हेंबरात पंधरा योजू लागली, तर चिंतेचा काळ फक्त लांबला असे म्हणावे लागेल. म्हणून नुसता लवकर आरंभ पुरेसा नाही; आरंभापूर्वी संख्या ठरविली पाहिजे आणि ती पुरी होताच थांबता आले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घाईची किंमत घाई करणाराच चुकवितो असे नाही. अमेरिकेत १८९९ साली ‘नॅशनल कन्झ्युमर्स लीग’ ही ग्राहकांची संस्था स्थापन झाली. तिच्या प्रमुख कार्यवाह फ्लॉरेन्स केली यांनी नाताळच्या ऐन गर्दीत दुकानांतून काय चालते, तिकडे लोकांचे लक्ष वेधले. ग्राहक शेवटच्या दिवसांपर्यंत थांबत. त्यामुळे दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहत आणि विक्रीचे काम करणाऱ्या मुली व सामान पोचविणारी लहान पोरे थकव्याने गळून जात. १९०३ साली केली यांनी नाताळच्या या विटंबनेवर लेख लिहिला. ‘खरेदी लवकर करा’ या संस्थेच्या आवाहनामागे ग्राहकाची सोय नव्हती. जो माणूस आपल्याला दिसत नाही, त्याची झोप होती. शांतीच्या सणाची सिद्धता दुसऱ्याच्या जागरणातून व्हावी, ही विसंगती त्यांना असह्य वाटली.

घरात भेटवस्तू करणारा म्हणेल की, माझ्याकडे ना नोकर, ना दुकान. मी जागेन तर मीच जागेन. पण घरातही घाईचा भार दुसऱ्यांवर पडतोच, आणि तो प्रथम पडतो सर्वांत संथ हातांवर. सप्टेंबरच्या एखाद्या संध्याकाळी पाच वर्षांचे मूल ‘मी डिंक लावतो’ म्हणून जवळ आले, तर त्याला जागा मिळते. कागद चुरगळला तरी दुसरा घेता येतो. तेच मूल २३ डिसेंबरच्या रात्री आले, तर त्याला ‘तू बाजूला बस’ असे ऐकावे लागते. सुईत दोरा ओवायला वेळ घेणाऱ्या आजीचीही तीच गत. ज्यांच्यासाठी सण करावयाचा, तेच सणाच्या कामातून हाकलले जातात.

या सणाच्या जुन्या रूढी पाहिल्या, तर संथ हातांची ही काळजी त्यांनी वाहिलेली दिसते. नाताळपूर्वीच्या चार रविवारांपासून आगमनकाळ सुरू होतो. त्याच्या आदल्या रविवारी इंग्लंडातील अनेक घरांत नाताळचे पुडिंग कालविले जाई आणि घरातील प्रत्येकाने, अगदी लहानग्यानेसुद्धा, एकदा तरी पळी फिरवावी असा संकेत होता. पुडिंग मुरण्यासाठी अवधी लागतो, हे त्याचे पाकशास्त्रीय कारण. पण त्या अवधीमुळेच सर्वांचा हात लागणे शक्य झाले. गोव्यात नाताळासाठी होणारे दोदोल तासन्‌तास ढवळावे लागते. एकट्याचा हात तेथे पुरत नाही, म्हणून ते आळीपाळीने ढवळतात आणि मग नेवऱ्यांबरोबर त्याची ताटे शेजारीपाजारी जातात.

जर्मनीतील हेर्नहूट गावाच्या नावाने ओळखला जाणारा कागदी तारा हे आणखी बोलके उदाहरण. १८३० नंतरच्या दशकात मोराव्हियन पंथाच्या शाळेत भूमितीचा पाठ म्हणून असे तारे करण्यास आरंभ झाला. आज रूढ असलेल्या ताऱ्याला २५ टोके असतात : चौकोनी तळाची १७ आणि त्रिकोणी तळाची ८. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी तो टांगावयाचा. एका रात्रीत २५ टोके दुमडू पाहणाऱ्याची बोटे दुखतील आणि जिभेवर कटू शब्द येतील. आठवड्याला दोनच टोके केली, तर तेरा आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबर उजाडता उजाडता आरंभ करावयास हवा. तारा दोन्ही वेळी तसाच दिसेल. पण दुसऱ्या ताऱ्याची काही टोके मुलांनी दुमडलेली असतील आणि ती किंचित वाकडी असतील.

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींना हा विचार परका वाटू नये. ज्या गावी बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील विकत मिळत नाही, तेथे तो घरीच करावा लागतो. आणि गावाकडच्या आईवडिलांना फराळाचा डबा दिवाळीपूर्वी पोचवावयाचा, तर चकल्यांचा घाणा पुष्कळ आधी घालावा लागतो. घाईचा भार कोणाकडे सरकतो, हेही आम्हां कारकुनांना कोणी समजावून सांगावयास नको. वर्षभर निवांत पडलेली प्रकरणे मार्चअखेरीस एकाएकी जागी होतात. ज्याने ती निजू दिली तो सहाला घरी जातो आणि ज्याच्या टेबलावर ती येतात तो रात्री नऊला. ही रीत आपण कचेरीत निंद्य मानतो, तर सणाच्या घरात ती क्षम्य का मानावी?

म्हणून लवकर आरंभ करणे हा केवळ स्वतःचा जीव सुखी ठेवण्याचा उपाय नव्हे. त्यात दुसऱ्याच्या संथपणाला जागा करून देणे आहे आणि हे दान भेटवस्तूच्या आधी दिले जाते. मात्र त्याची दुसरी बाजूही पाळली पाहिजे. आगमनकाळाचा पहिला रविवार आला की हातातले काम खाली ठेवावे. जे झाले ते द्यावे. जे राहिले, त्याबद्दल ज्याचे त्याला मोकळेपणाने सांगावे आणि त्या संध्याकाळी त्याच्यापाशी थोडा वेळ बसावे.