हलक्या आवाजाची ओवी आणि हळवा कान

डोळ्यांस पापण्या आहेत, कानांस नाहींत. जें पाहवत नाहीं त्याकडे पाठ फिरवितां येते. परंतु जें ऐकवत नाहीं तें पाठीमागूनही ऐकूं येतें. बहुतेकांस याची फारशी अडचण वाटत नाहीं. कांहीं माणसें मात्र अशीं असतात कीं, ताट पडल्याचा किंवा दार आपटल्याचा जो आवाज आपण क्षणांत विसरतों, तो त्यांस मार बसल्यासारखा लागतो. अशा एखाद्या मुलानें भजनाच्या मेळ्यांत कानांवर हात ठेविले, म्हणजे वडील मंडळी त्याजवर रागावतात आणि सोबती त्यास हंसतात. या लोकांस गाण्याची आवडच नाहीं, असा सर्वांचा ग्रह होतो. हा ग्रह आम्हांस खोटा वाटतो. आणि त्याचा विचार करूं लागलें म्हणजे एक नीतीचा प्रश्न पुढें उभा राहतो. तो असा कीं, गाणारा ऐकणाऱ्याचें कांहीं देणें लागतो काय?

महाराष्ट्रांतील जात्यावरची ओवी आपण उदाहरणादाखल घेऊं. पहांटेच्या अंधारांत दोघी बाया जात्याच्या दोहों बाजूंस समोरासमोर बसत; खुंटा एकच, हात दोघींचे. दगडाची घरघर संथ व एकसारखी चाले. तिच्या आधारानें एकीनें ओळ म्हणावी, दुसरीनें ती उचलावी, मध्यें मूठभर दाणे जात्याच्या तोंडांत पडावेत. चाल थोड्याच सुरांत फिरते, आणि 'ग बाई' यासारखे भरीचे शब्द ठराविक जागीं येतात.

ज्याचा कान हळवा आहे त्यास हें गाणें कसें लागतें? केवळ आवाज बारीक आहे, एवढ्यानें त्याचें समाधान होतें असें नाहीं. शेजारी बसलेल्यानें जेवतांना केलेली मचमचही कित्येकांस असह्य होते, आणि ती कांहीं मोठी नसते. (या दुखण्यास पावेल व मार्गारेट यास्त्रेबॉफ या संशोधकांनीं २००१ सालीं 'मिसोफोनिया' असें नांव दिलें.) त्रास पुष्कळदां होतो तो आवाजाच्या अवचितपणाचा, आणि त्यापासून सुटका नसण्याचा. ओवींत अवचित असें कांहीं नाहीं. पुढचा सूर कोठें पडणार हें कानास आधींच ठाऊक असतें, म्हणून अंग आंखडून वाट पाहावी लागत नाहीं. ओळ संपते तेथें गाणारी श्वास घेते. त्या जागेंत ऐकणाऱ्यासही श्वास घ्यावयास सांपडतो. शिवाय ती ओवी त्याच्याकरितां म्हटलेली नसते. त्यानें मान डोलवावी, टाळी द्यावी, अशी तिची अपेक्षा नाहीं. वाटलें तर ऐकावें, नाहीं तर कूस बदलून निजावें. जात्यांतले दाणे संपत आले म्हणजे घरघरीचा पोत किंचित् बदलतो. आपल्या ध्यानींमनींही तें येत नाहीं, पण हळव्या कानास तें कळतें. अशा माणसास गाण्याची आवड नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आतां तीच ओवी लग्नघरीं कर्ण्यावर लाविली म्हणजे काय होतें तें पाहा. शब्द तेच, चाल तीच. परंतु मोकळीक गेली. आवाज १० डेसिबल वाढला कीं त्याची शक्ति दसपट होते, आणि साधारण कानास तो सुमारें दुप्पट मोठा वाटतो. भारत सरकारच्या २००० सालच्या नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे, आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावूं नयेत असें सांगितलें आहे. नियम चांगला आहे. पण तो सर्वसाधारण कान धरून केलेला आहे. ज्याच्या कानास ५५ देखील फार होतात, त्याचा कैवार कायदा घेत नाहीं. तो शेजाऱ्यानेंच घेतला पाहिजे.

शेजारी म्हणेल, "मला तर कांहींच लागत नाहीं!" त्याचें म्हणणें खरेंही असेल. कानाच्या पडद्यामागें रिकिबीच्या आकाराचें एक हाड आहे, शरीरांतील सर्वांत लहान. आणि त्यास ओढून धरणारा एक स्नायु आहे, लांबी सुमारें ६ मिलिमीटर. मोठा आवाज आला कीं तो स्नायु ताणला जातो व हाडाची थरथर आवरतो. नवलाची गोष्ट अशी कीं, मनुष्य स्वतः बोलूं किंवा गाऊं लागला म्हणजेही तो ताणला जातो. अर्थात् गाणाऱ्याच्या कानास त्याच्या स्वतःच्या आवाजापुरता आडोसा मिळतो. चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूस लकवा होऊन ज्यांचा हा स्नायु लुळा पडतो, त्यांस साधे आवाजही कर्कश वाटूं लागतात. तेव्हां आपला आवाज किती मोठा आहे याचा निवाडा गाणाऱ्यानें स्वतःच्या कानानें करावा, हें कांहीं न्यायाचें नव्हे.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. ओवी हळू होती ती सौजन्यानें कीं धाकानें? मुलें निजलेलीं असत हें खरें. पण सुनेनें आवाज चढवूं नये हाही घराचा कायदा होता. हेमा राइरकर व गी प्वातव्हां यांनीं खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांपैकीं पुष्कळींचीं ध्वनिमुद्रणेंही झालीं. त्यांत माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणें आहे, सासरचा जाच आहे, डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. दिवसा जें बोलतां येत नसे, तें दगडाच्या घरघरीच्या आडून बोललें जाई. अशा स्त्रियांस "हळू गा" असें सांगणारे घरीं थोडे नव्हते; त्यांत आपण हळव्या कानाच्या नांवानें आणखी भर घालावी काय?

आमच्या मतें घालूं नये. गळ्यास मर्यादा गळाच घालतो. तो थकतो, श्वासासाठीं थांबतो, आणि अंगणापलीकडे त्याचें फारसें राज्य नाहीं. कर्ण्यास थकवा नाहीं. एका बाईनें दुःखानें किंवा आनंदानें आवाज चढविला, तर हळव्या कानाच्या माणसानें थोडें दूर जावें, एवढें त्यानें सोसणें योग्य आहे. परंतु यंत्रानें साऱ्या आळीचा आवाज व्यापला, तर त्याला दूर जावयास जागाच उरत नाहीं. आणि ज्या बाईच्या नांवानें तें यंत्र चाललें, तिचा श्वासही त्यांत ऐकूं येत नाहीं. दोघांचेंही नुकसान.

दळण गिरणीवर गेलें तरी पुष्कळ ठिकाणीं लग्नापूर्वीं हळद दळण्यास जातें अजून मांडतात. त्या दिवशीं घटकाभर कर्णा बंद ठेवावा, आणि कानांवर हात ठेवून परसांत जाऊन बसलेल्या मुलास जात्याजवळ बोलवावें. बायांनीं आपल्या नेहमीच्या आवाजानें गावें. मुद्दाम हळू गाण्याचें कारण नाहीं. तें मूल बहुधा प्रथम दगडाकडेच पाहत राहील. मग खुंट्यास हात लावूं काय म्हणून विचारील. तेव्हां त्यास तो लावूं द्यावा.