न परतणारा अतिथी

नांदेड शहरापासून थोड्या अंतरावर, गोदावरीच्या काठी, विष्णुपुरी हे गाव आहे. काळेश्वराचे मंदिर, नदी अडवून उभारलेला प्रकल्प आणि त्यामागे तटून राहिलेला विस्तीर्ण जलाशय यांमुळे त्याचे नाव मराठवाड्यात सर्वांना परिचित आहे. परंतु गेल्या चार-पाच दशकांत या गावाच्या शिवारात ज्या विद्यासंस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या नावांकडे मात्र सहसा कोणी थांबून पाहत नाही. १९८१ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय गुरू गोविंदसिंहांचे नाव धारण करते, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झालेले विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांचे. गुरूंचा जन्म पाटण्याचा, स्वामीजींचा आज कर्नाटकात असलेल्या सिंदगीचा. दोघेही या मुलखात बाहेरून आले, आणि आज त्यांना परके म्हणण्याचा विचार येथील एखाद्या लहान मुलाच्याही मनाला शिवत नाही. परका मनुष्य आपला होतो, तो नेमका कशामुळे? काळ लोटला की सर्व आपोआप घडते, असे उत्तर देणे सोपे आहे. पण एकाच गल्लीत तीन-तीन पिढ्या राहूनही परस्परांच्या घरातील सणवार ज्यांना ठाऊक नाहीत अशी कुटुंबे आपण सर्वांनीच पाहिलेली आहेत. काळाने सवय होते. परिचय होतोच असे नाही.

आपल्या धर्मविचाराने या प्रश्नाला एक उदात्त उत्तर देऊन ठेवलेले आहे. तैत्तिरीय उपनिषदातील गुरू विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला उपदेश करतो, तेव्हा माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीत तो अतिथीला बसवतो आणि त्याला देव मानावयास सांगतो. या आज्ञेची थोरवी मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. दुष्काळाच्या वर्षीही दारी आलेल्यास भाकरीचा चतकोर दिल्याखेरीज न जेवणारी माणसे या भूमीत तिनेच घडवली. तथापि देवाशी आपले जे नाते असते त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. देवाची आपण पूजा करतो, त्याला नैवेद्य दाखवतो, त्याच्यापुढे आपली गाऱ्हाणी मांडतो. पण तुला काय वाटते, तुझे मागे काय राहिले, तुला आमचे कोणते वागणे खुपते, असे आपण देवाला कधी विचारीत नाही. शिवाय अतिथी उद्या जावयाचा असतो, आणि त्याच्या जाण्यातच आपल्या औदार्याची सोय असते. जो जात नाही, जो येथेच बिऱ्हाड करतो, ज्याची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत बसतात, त्याच्यासाठी केवळ पूजा पुरी पडत नाही.

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा या दृष्टीने मला पुनःपुन्हा वाचावीशी वाटते. पित्याने रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकलेला तो कुमार यमाच्या घरी येतो, तेव्हा यजमान घरी नसतो; तीन रात्री मुलगा उपाशी राहतो. यम परत येतो आणि घडलेल्या अपराधाने धास्तावून तीन वर देऊ करतो. दुसऱ्या वराने तो त्याला अग्निविद्या शिकवतो आणि प्रसन्न होऊन त्या अग्नीला पाहुण्याचेच नाव देतो. येथवर सारे सुरळीत चालते. तिसऱ्या वेळी मात्र मुलगा वस्तू मागत नाही, तो प्रश्न विचारतो: मेल्यानंतर मनुष्य असतो की नसतो? आणि लगेच यमाचा सूर पालटतो. शतायुषी पुत्रपौत्र घे, गुरे घे, हत्ती-घोडे घे, सोने घे, विस्तीर्ण भूमी घे, पण हे विचारू नकोस, अशी तो विनवणीच करू लागतो. भाष्यकारांनी या ठिकाणी नचिकेत्याच्या वैराग्याची स्तुती केली आहे, आणि ती यथार्थच आहे. मला मात्र येथे यमाकडे पाहावेसे वाटते. देणारा इतके देऊ पाहतो, कारण त्याला उत्तर द्यावयाचे नाही. हत्ती देणे त्याला सोपे आहे, कारण हत्ती दिल्याने त्याचे स्वतःचे काही उघडे पडत नाही. आपले आदरातिथ्यही पुष्कळदा असेच असते: ताट वाढून झाले की आपण कर्तव्यातून मोकळे होतो, आणि समोरचा मनुष्य आपला प्रश्न मनात घेऊन तसाच बसून राहतो. यमाचे मोठेपण असे की अखेर त्याने ताट बाजूला सारले आणि तो बोलू लागला.

नांदेडच्या इतिहासातही असा एक प्रसंग आहे, ज्यात पाहुणा आला तेव्हा यजमान घरी नव्हता. १७०८ साली गुरू गोविंदसिंह बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत येऊन नांदेडास पोहोचले. तेथे गोदावरीच्या काठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. परंपरा सांगते की गुरू मठात गेले आणि बैरागी नसताना त्याच्याच आसनावर बसले. परत आल्यावर माधोदास संतापला, आपल्या मंत्रसिद्धीने त्याने त्यांना उठवू पाहिले, आणि ते साधेना तेव्हा त्याने विचारले की आपण कोण. त्यातून जे संभाषण झाले त्याच्या शेवटी त्याने स्वतःला गुरूंचा बंदा म्हणवून घेतले आणि तो बंदा सिंह बहादूर म्हणून पंजाबच्या इतिहासात गेला. या कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी तिचा मर्मबिंदू शाबूत राहतो. जोवर माधोदास आपल्या आसनाचा हक्क सांगत होता, तोवर दोघांत काही घडले नाही. त्याने प्रश्न विचारला त्या क्षणी दोघांचेही आयुष्य पालटले. आणि हा यजमान तरी कुठला? तोही राजौरीकडून, हिमालयाच्या पायथ्याकडून, फिरत फिरत येथे येऊन राहिलेला होता. त्या आसनाची सनद त्याच्याजवळ होती ती एवढीच, की तो काही वर्षे आधी आला होता. मालकीचा आपला आवेश बहुधा याच पायावर उभा असतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुरूंचे येथेच देहावसान झाले. पुढे महाराजा रणजितसिंहांच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात हुजूर साहिब या तख्त-गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली आणि पंजाबातून आलेली किती तरी घराणी निजामाच्या मुलखात स्थायिक झाली. त्यांनी आपला धर्म टाकला नाही, आणि तो जसाच्या तसा पेटीत कुलूपबंदही केला नाही. तख्तासाठी आजही दररोज गोदावरीतून घागर भरून आणली जाते; येथील आरतीची, दसरा आणि हल्लाबोल यांची मर्यादा पंजाबातल्या रिवाजाहून काहीशी निराळी आहे, आणि अमृतसरहून येणाऱ्या यात्रेकरूला ते वेगळेपण जाणवते. उलट दिशेने पाहावे तर नरसीचे नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात विराजमान झाली. त्या पदांतून विठ्ठलाचे नाव कोणी पुसून काढले नाही. आलेल्याने आपला देव बरोबर आणावा आणि ऐकणाऱ्याने तो आपल्या ग्रंथात राहू द्यावा, याहून मोठे स्वागत मला ठाऊक नाही.

येथपर्यंतची उदाहरणे संतांची आहेत. ती मनाला उभारी देतात, पण त्यांच्या आधाराने आपली परीक्षा टाळता येणार नाही. ती परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. त्यानंतर साऱ्या देशातून, देशाबाहेरूनही, माणसे मदतीला धावली. त्यांच्या करुणेविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. परंतु यांतील पुष्कळ गावांची आखणी कागदावर झाली: काटकोनात काढलेले सरळ रस्ते, एकसारखे भूखंड, आणि जुन्या गावठाणाच्या कित्येक पट पसरलेली वस्ती. भावकीची घरे एकमेकांना लागून का होती, वाड्याच्या भिंतींआड बाईला उन्हात-सावलीत कोणती कामे करता येत, बैल दावणीला कुठे बांधावयाचे, म्हातारी माणसे संध्याकाळी कोठे बसत, हे ज्यांना ठाऊक होते ते शोकाने मुके झालेले होते, आणि जे आखत होते त्यांना थांबून ऐकण्याची उसंत नव्हती. येथे भूमिकांची कशी अदलाबदल झाली ते पाहा: आपल्याच शिवारात उभा असलेला शेतकरी पाहुणा झाला आणि बाहेरून आलेला दाता यजमान झाला, कारण नकाशा, निधी आणि दप्तर त्याच्या हाती होते. मात्र याच आपत्तीत दुसरीही गोष्ट घडली. ज्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण व्हावयाचे होते, तेथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. इंजिनिअरचे म्हणणे घराघरांत आणि घराघरांचे म्हणणे इंजिनिअरपर्यंत नेणे हे त्यांचे काम. ज्या स्त्रियांना तोवर गावसभेत बोलण्याचा प्रघात नव्हता, त्यांच्याकडे हे काम यावे, यात मला एक खोल औचित्य दिसते: ऐकून घेतले न जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

कोणी म्हणेल की नव्याने आलेल्यानेही येथील भाषा शिकली पाहिजे, येथील चालीरीती जाणल्या पाहिजेत. हे मला पूर्णपणे मान्य आहे. निजामी राजवटीत राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असताना, मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांच्या प्रजेला त्या राजवटीविरुद्धच्या एका लढ्यात गुंफणाऱ्या रामानंद तीर्थांनी मराठवाड्यात शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे जे कष्ट केले, ते याच कर्तव्याचे उदाहरण होय. तथापि दोन्हीकडील कर्तव्य समान असले तरी दोन्हीकडील बळ समान नसते. ज्याच्या हाती दप्तर आहे, ज्याच्या भाषेत अर्ज लिहावा लागतो, त्याने आधी विचारावे. आलेल्याच्या अंगी ते धैर्य पुष्कळदा नसते.

विष्णुपुरीत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. किनवट-माहूरच्या डोंगरातून गोंडी किंवा कोलामी बोलणारी एखादी वृद्धा तेथे येते, तिच्यामागून धर्माबादकडचा तेलुगूभाषक मजूर, तांड्यावरची बंजारा माता. या मातीत त्यांच्या पूर्वजांच्या पिढ्यान् पिढ्या गेलेल्या असतात, आणि तरीही केसपेपर काढण्याच्या रांगेत तेच नवखे असतात. दूरच्या जिल्ह्यातून शिकावयास आलेला तरुण डॉक्टर, जो स्वतः या गावाला परका आहे, त्या रांगेपुढे मेजामागे बसलेला असतो. कोठे दुखते एवढे तो विचारतोच. तुम्हाला आमच्यापाशी काय विचारावयाचे आहे, हेही त्याने विचारावे, आणि त्या वृद्धेची बोली जाणणारा कोणी तिच्याशेजारी उभा करून उत्तर मिळेपर्यंत पुढचे नाव पुकारू नये.