चार वस्तूंची खोली

शास्त्रपाठ : २ राजे ४:८-१०, लूक १४:२८-३०



पांढुर्णा व सौसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली वेगळा जिल्हा झाला. ह्या भागातील खेड्यांतून प्रार्थनासभेसाठी फिरताना आम्हाला ठिकठिकाणी नवी घरे दिसतात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातील घरासाठी सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये ठरविण्यात आले, आणि स्वयंपाकाच्या जागेसह घर निदान २५ चौरस मीटरचे असावे असा नियम झाला. ही रक्कम काम जसजसे वर चढते तसतशी हप्त्यांनी मिळते. विटा, सिमेंट, सळई ह्यांतच ती संपते. स्लॅब पडतो आणि हात रिकामे होतात. मग प्रश्न उरतो : आत काय ठेवायचे?

अशाच एका घराच्या उपकारस्तुतीला आम्ही गेलो होतो. नवराबायको दोघेही संत्र्याच्या बागेत मजुरी करणारी. आंदणात आलेली भांडी, एक लोखंडी पेटी, एक बाज, एवढाच संसार. सतरंजीवर बसताना आम्ही हसत म्हणालो, "पुढच्या वेळी खुर्चीवर बसवा बरं का!" पुढच्या वेळी खरोखरच सोफा होता. तो हप्त्यांवर आणलेला होता, आणि त्या हप्त्यांपायी मुलीची शाळेची फी थकली होती. हे त्या बहिणीने चहा देताना हळूच सांगितले. ती आम्हाला दोष देत नव्हती. पण ते शब्द आमचेच होते. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

शुनेमच्या बाईकडे पाहा. ती संपन्न घरची होती. अलीशा संदेष्टा वारंवार येतो हे पाहून तिने प्रथम नवऱ्याशी विचारविनिमय केला. मग माडीवर लहानशी खोली, आणि तीत चारच वस्तू : निजायला पलंग, जेवायला मेज, बसायला आसन, आणि दिवा. ऐपत असूनही पाचवी वस्तू तिने मांडली नाही. खोलीत कोण राहणार हे तिला ठाऊक होते, म्हणून काय ठेवावे हेही तिला कळले. आपण मात्र पुष्कळदा कोण राहणार हे न पाहता कोण बघणार हे पाहतो.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले. घर मांडणाऱ्यांनीही दोघांनी मिळून बसावे. कागदावर आधी धान्य, औषध, फी आणि दानार्पण लिहावे. उरेल त्यातून महिन्याला एक वस्तू घ्यावी. संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्या घासूनपुसून भिंतीला ठोकल्या तर चांगली मांडणी होते. आजीच्या लुगड्याची गोधडी कोणत्याही गादीइतकीच ऊब देते. दुकानदार "बिनव्याजी" म्हणाला तरी वरखर्च किती आणि एकूण रक्कम किती, हे विचारल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नये.

आणि मंडळीने काय करावे? उपकारस्तुतीला जाताना एक माठ, एक चटई, दोन ताट असे काही घेऊन जावे. नेता आले नाही तर निदान आमच्यासारखी जीभ तरी नेऊ नये. आम्ही त्या घरी पुन्हा गेलो व क्षमा मागितली. नंतर मंडळीतील काही कुटुंबांनी मिळून मुलीची फी भरली. सोफ्याचे हप्ते अजून चालूच आहेत. उच्चारलेला शब्द लवकर फिटत नाही.

आपल्या प्रभूला डोके टेकायलाही जागा नव्हती. अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनी त्याला आग्रहाने घरी नेले, तेव्हा त्या घरात काय काय सामान होते हे शास्त्र सांगत नाही. भाकर होती, एवढेच सांगते. तेवढ्यावर त्यांचे डोळे उघडले. आपल्या नव्या घरांतही तो पाहुणा येवो, आणि त्याला बसवायला आपली सतरंजी पुरे होवो. आमेन.