शेजारची रिकामी जागा

मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी धावली, ती अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. प्रार्थनामंदिरापासून निघून बाजारात पोहोचणारी ही वाट मला मोठी सूचक वाटते. बसमधला माणूस देवापुढेही उभा नसतो आणि बाजारातही नसतो. घरी तो वडील असतो, कचेरीत साहेब किंवा शिपाई. बसमध्ये तो नुसता प्रवासी असतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात चेहरा सावरून धरण्याचे त्याला कारण उरत नाही. नाटककार, चित्रकार आणि छायाचित्रकार बसकडे व आगगाडीच्या डब्याकडे ओढले गेले, ते याच मोकळ्या चेहऱ्यांसाठी. १९३७ साली मुंबईत दुमजली बस आली. जुन्या डिझेल दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेल्या. परंतु त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकावर ज्याने प्रवास केला आहे, त्याला नाट्यगृहाची बाल्कनी निराळी समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न असा, की त्या बाल्कनीत बसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? परक्या माणसाचा उघडा पडलेला चेहरा ही कलावंताची सामग्री आहे काय?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. सेमिनरीत शिकत असताना एका संध्याकाळी मी बसने परतत होतो. दोन बाके पुढे, पलीकडच्या रांगेत एक बाई बसली होती. मांडीवर एक्स-रेचे मोठे पाकीट होते आणि ती आवाज न करता रडत होती. बाहेर अंधार पडल्यामुळे खिडकीच्या काचेत तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. रेल्वे स्टेशन येताच बस अर्धी रिकामी झाली. तिच्या शेजारची जागाही रिकामी झाली. मी जागचा हललो नाही. खरे सांगायचे तर, मी जेथे होतो तेथून तिचा चेहरा अधिक चांगला दिसत होता. माझा थांबा आला, मी उतरलो, आणि खोलीवर येऊन रात्री दोन पाने लिहिली.

त्या दोन पानांची पुढे एकांकिका झाली. ती ज्या धर्मग्रामात सादर केली तेथे लोकांचे डोळे पाणावले, टाळ्या पडल्या. खेळ संपल्यावर एक वृद्ध बाई काठी टेकीत माझ्याजवळ आल्या. त्यांनी विचारले, ‘‘ब्रदर, ही खरी गोष्ट का?’’ मी अभिमानाने होकार दिला. ‘‘मग पुढं त्या बाईचं काय झालं?’’ मी म्हणालो, ठाऊक नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. ‘‘तुम्ही तिला काही विचारलंच नाही का?’’ त्यांच्या बोलण्यात दोषारोप नव्हता; त्यांना केवळ आश्चर्य वाटले होते.

लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण शेकडो वेळा ऐकला आहे. त्यातील याजक आणि लेवी जखमी माणसाला पाहत नाहीत असे नाही. दोघेही त्याला पाहतात, आणि मग दुसऱ्या बाजूने निघून जातात. तेव्हा नुसते पाहणे ही करुणा नव्हे. त्या याजकाने पुढे यरीहोस जाऊन त्या जखमी माणसावर हृदयस्पर्शी नाटक लिहिले असते, तर तो निर्दोष ठरला असता काय?

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांची छायाचित्रे टिपली. ती पुस्तकरूपाने १९६६ साली प्रसिद्ध झाली. पुस्तकाचे शीर्षक मत्तयकृत शुभवर्तमानातील लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्यातून घेतलेले आहे: ‘मेनी आर कॉल्ड’. परंतु येथे ज्यांना पाचारण झाले, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ती चित्रे थोर आहेत. छायाचित्र काढणे आणि ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणे यांत पाव शतक गेले, हेही खरे. तरीही तो कोटाखालचा कॅमेरा माझ्या मनातून जात नाही. कारण माझी वही तशीच होती.

यावर कोणी म्हणेल, ‘‘मग कलावंताने लिहू नये काय? दर अश्रूपाशी थांबायचे ठरवले तर नाटक उभेच राहणार नाही.’’ हा आक्षेप खरा आहे. किंबहुना रडणाऱ्या माणसाला एकटे राहू देणे हीदेखील बसमधली एक सभ्यता आहे. प्रत्येकाने चौकशी केली तर दुःख असह्य होईल. म्हणून ‘प्रत्येक वेळी बोला’ असा नियम मी घालणार नाही.

मात्र पाहण्यापाहण्यात भेद आहे. ब्रेख्त यांनी १९३८ साली लिहिलेल्या ‘रस्त्यावरील दृश्य’ या निबंधात नाटकाचा साधा नमुना दिला आहे: अपघात पाहिलेला एक माणूस जमलेल्यांना तो कसा झाला हे हावभावांनी करून दाखवतो. हेतू हा, की लोकांनी विचार करावा आणि निर्णय करावा. त्याचे दाखवणे ही साक्ष असते. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ ही शहरातल्या बसची कथा नाही, एस.टी.ची आहे, पण तेथेही मला हेच महत्त्वाचे वाटते, की सांगणारा त्याच गाडीत अडकलेला प्रवासी आहे. तो बाल्कनीत बसलेला नाही. सर्वांप्रमाणे त्याचाही खोळंबा झालेला आहे.

माझ्या एकांकिकेत नेमके हेच नव्हते. बाई होती, पाकीट होते, काच होती. दोन बाके मागे बसलेला तरुण नव्हता. प्रेक्षकांना मी तिचे दुःख दाखवले आणि माझे न उठणे लपवले. ती दोन पाने मी आज लिहिली असती तर नाटक त्या तरुणावर झाले असते. परक्याचा चेहरा घेणाऱ्याने निदान स्वतःचा चेहरा लपवू नये. तिकीट सर्वांनाच काढावे लागते.

अजूनही मी बसने जातो आणि चेहरे पाहतो. ती सवय सुटलेली नाही. कोणी असे खिन्न बसलेले दिसले आणि शेजारची जागा रिकामी असली, तर तेथे जाऊन बसतो. बहुधा काही बोलणे होत नाही. तेथून चेहराही नीट दिसत नाही, त्यामुळे लिहिण्याजोगे फारसे काही हाती लागत नाही.

त्या बाईचे पुढे काय झाले, ते मला आजही ठाऊक नाही.