सहावे पान

पोकरच्या ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकारात खेळाडूच्या हातातील दोन व मेजावरील सामाईक पाच, अशा सात पानांतून सर्वोत्तम पाच पाने धरली जातात. दोघांकडेही राजांची जोडी असेल, तर उरलेली तीन पाने उतरत्या क्रमाने ताडून पाहतात. एकाचे वरचे पान एक्का आणि दुसऱ्याचे राणी असल्यास एक्केवाला सारी रक्कम नेतो. या निर्णायक पानाला ‘किकर’ म्हणतात.

जोडी जुळण्यात ज्याचा काहीच वाटा नाही, त्या पानाने निकाल ठरवावा, हे न्याय्य आहे काय? नियम सर्वांना आधीच ठाऊक असतो. त्यामुळे तो निःपक्षपाती खचितच आहे. पण तेवढ्याने जिंकणारा अधिक गुणवान ठरतो, असे नाही. शासकीय सेवेत समान गुणांच्या दोन उमेदवारांपैकी वयाने ज्येष्ठ असलेल्याचे नाव वर लावताना मला हेच जाणवत असे. पद एकच असल्याने कोणाला तरी मागे ठेवणे भाग होते. परंतु मागे राहिलेला त्यामुळे कमी योग्य ठरत नव्हता.

पोकरचा विवेक याच्याही पुढे दिसतो. पाचही पाने तुल्यबळ ठरली, तर सहावे पान विचारात घेत नाहीत. इस्पिक बदामाहून श्रेष्ठ, असेही मानीत नाहीत. रक्कम समान वाटली जाते. जीवनात पुष्कळ गोष्टी अशा वाटता येत नाहीत, हे खरे. मात्र त्या एकाला देताना दुसऱ्याच्या पदरी कमीपणा टाकू नये, एवढे तरी आपल्या हाती असते.